एका पत्त्यामागें एक देश

इंग्रजी विकिपीडिया हा ज्ञानकोश कोणालाही वाचतां येतो, आणि त्यांतील बहुतेक पृष्ठांवर कोणालाही लिहितां येतें. नांव न सांगणारा लेखक तेथें अनेक वर्षें केवळ आपल्या आयपी पत्त्यावरून ओळखला जाई. खोडसाळ मजकूर कोणत्या पत्त्यावरून येतो तें पाहून त्या पत्त्यापुरतें लेखनाचें दार लावून घ्यावें, हा तेथील पहारेकऱ्यांचा नित्याचा उपाय. २००६ सालच्या अखेरीस त्यांनीं असाच एक उपद्रवी पत्ता बंद केला. लवकरच उमगलें कीं, त्या एका पत्त्याआड जवळजवळ सगळा कतार देश उभा होता!

हें घडलें कसें? १९८१ सालीं प्रसिद्ध झालेल्या नियमांप्रमाणें आयपी पत्ता म्हणजे शून्य किंवा एक अशा ३२ अंकांची मालिका. त्यामुळें एकंदर पत्ते सुमारें ४२९ कोटी. संगणक वाढत गेले तसे हे पत्ते अपुरे पडूं लागले, आणि अनेक यंत्रांनीं मिळून एकच पत्ता वापरण्याची युक्ति १९९४ सालीं पुढें आली. चाळीच्या दारावर पाटी एकच, आंत बिऱ्हाडें पन्नास, तसाच हा प्रकार. कतारमध्यें तर देशांतील जवळजवळ सारी वाहतूक एकाच दूरसंचार कंपनीच्या मध्यस्थ यंत्रांतून बाहेर पडे.

वाचनाला बाध आला नव्हता. निनांवी लेखन मात्र थांबलें. विकिपीडियानें एका राष्ट्राला हद्दपार केलें, अशी आवई उठली, आणि संस्थापक जिमी वेल्स यांना तिचा इन्कार करावा लागला. बंदी बारा तासांच्या आंत उठली होती.

२०१४ सालच्या जुलैंत अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाची पाळी आली. तेथील एका पत्त्यावरून वारंवार होणाऱ्या खोडसाळ फेरफारांमुळें तो दहा दिवस बंद ठेवण्यांत आला. त्याच पत्त्यावरून सरळपणें लिहूं पाहणारेही त्यांत भरडले गेले. तरी पहारेकऱ्यांना फारसा दोष देतां येणार नाहीं. हे बिनपगारी स्वयंसेवक. त्यांना दाराशीं चेहरा दिसत नाहीं, दिसतो तो आंकडा.

१९९५ सालीं ज्या नव्या पद्धतीचे नियम प्रथम प्रसिद्ध झाले, तिचा पत्ता १२८ अंकांचा. तेथें दुष्काळ संपला आणि उलटेंच संकट उभें राहिलें. एका घराच्या वाट्याला इतके पत्ते येतात कीं, एक बंद केला तर उपद्रवी मनुष्य पुढच्याच क्षणीं दुसरा धारण करूं शकतो. म्हणून पहारेकरी तेथें एकेक पत्ता न अडवतां, पहिले ६४ अंक समान असलेला सबंध समूहच बहुधा बंद करतात.