मनगट बारीक असेल तर घड्याळ कसं निवडायचं? नुसत्या डायलच्या आकड्यावर जाऊ नका

लग्नात जावयाला घड्याळ, दहावीला चांगले मार्क पडले की भाचीला घड्याळ, पहिला पगार झाला की स्वतःला घड्याळ. आपल्याकडे घड्याळ बऱ्याचदा कोणीतरी कोणाला तरी दिलेलं असतं आणि दुकानात ते देणाऱ्याच्या मनगटावर लावून बघितलेलं असतं. घेणाऱ्याचं मनगट बारीक असेल तर गणित तिथेच चुकतं. घड्याळ हातावर गरागरा फिरतं, चावी हाताच्या पाठीला टोचते आणि लांबून बघणाऱ्याला वाटीवर ताट ठेवल्यासारखं दिसतं. चार-सहा महिन्यांत ते कपाटात जातं. पैसे गेले ते गेलेच, वर "तुला आवडलं नाही का?" हा प्रश्न दर सणाला ऐकावा लागतो.

अक्कलकोटसारख्या तालुक्याच्या गावात ही अडचण जरा जास्तच जाणवते. लहान गावातल्या घड्याळाच्या दुकानात साधारण दोनच खण असतात. जेंट्सच्या खणात ४२ ते ४५ मिलिमीटरची घड्याळं, लेडीजच्या खणात २६-२८ची. बारीक मनगटाला लागणारं ३४ ते ३८चं माप नेमकं दोन्ही खणांच्या मधे हरवतं. मग उरतं काय? चाळीसेक किलोमीटरवरचं सोलापूर गाठायचं, नाहीतर मोबाइलवरून मागवायचं. मोबाइलवर घड्याळ हातात घालून बघता येत नाही, म्हणून माप घरीच नीट घ्यायला हवं.

(जाता जाता एक गंमत. सीमेवरच्या या गावात मराठीत घड्याळ म्हणणारे आणि कन्नडमध्ये 'गडियार' म्हणणारे एकाच दुकानात उभे असतात. मनगटालाही कन्नडमध्ये 'मणिकट्टु' म्हणतात. शब्द इतके जवळचे, आणि बारीक मनगटाची अडचण तर दोन्हीकडे एकच!)

माप कसं घ्यायचं?

शिंप्याची टेप असेल तर उत्तम. नसेल तर दोरा आणि शाळेतली पट्टी पुरते. मनगटाच्या बाहेरच्या बाजूला जे हाड वर येतं, त्याच्या किंचित मागे, म्हणजे कोपराच्या बाजूला, घड्याळ बसतं. दोरा तिथे गुंडाळायचा. आवळायचा नाही, सैलही सोडायचा नाही. १६.५ सेंटिमीटरपर्यंत घेर आला तर ढोबळमानाने मनगट बारीक समजायला हरकत नाही. १५च्या खाली असेल तर फारच बारीक.

बांगडीचं माप इथे उपयोगाचं नाही, हे खास बहिणींसाठी. 'दोन चार' किंवा 'दोन सहा' हे माप बांगडी हाताच्या पंजावरून सरकेल की नाही यावर ठरतं. मनगट बारीक आणि पंजा रुंद असलेल्या बाईची बांगडी मोठी असते, पण तिला घड्याळ लहानच लागतं.

घेर कळला, पण तेवढ्याने काम होत नाही. दोन मनगटांचा घेर १६ सेंटिमीटरच असला तरी एक चपटं आणि दुसरं गोल असू शकतं. चपट्या मनगटावर वरची बाजू रुंद मिळते, त्यामुळे घड्याळ निवांत बसतं. गोल मनगटावर तेच घड्याळ दोन्ही बाजूंनी अधांतरी राहतं. म्हणून दुसरं माप वरच्या सपाट भागाच्या रुंदीचं घ्यायचं. सोपी युक्ती म्हणजे एटीएम कार्ड. त्याची आखूड बाजू ५४ मिलिमीटर असते. ती मनगटावर आडवी धरा आणि वरून बघा. कार्ड दोन्हीकडून किती बाहेर डोकावतंय ते पट्टीने मोजा आणि ५४मधून वजा करा. ही झाली तुमच्या मनगटाची रुंदी.

खरा आकडा कोणता?

जाहिरातीत जो आकडा ठळक दिलेला असतो तो केसचा व्यास. ४० मिलिमीटर, ४२ मिलिमीटर वगैरे. लोक याला सरसकट 'डायल साइझ' म्हणतात. पण घड्याळ मनगटावर बसेल की नाही, हे मुख्यतः दुसऱ्याच मापावर ठरतं. पट्टा जिथे पिनेने अडकवतात ते केसचे चार पाय असतात ना, त्यांना लग म्हणतात. वरच्या लगच्या टोकापासून खालच्या लगच्या टोकापर्यंतचं अंतर म्हणजे 'लग टू लग'. घड्याळ मनगटावर आडवी जागा व्यापतं ती एवढी.

हे अंतर मनगटाच्या रुंदीपेक्षा चार-पाच मिलिमीटर तरी कमी हवं. रुंदी ४८ आली तर लग टू लग ४३-४४च्या वर जाऊ देऊ नका. अंतर रुंदीहून जास्त झालं तर लग हवेत राहतात, पट्टा त्यांच्यापासून सरळ खाली पडतो आणि केसखाली फट दिसते. हातावर ताटली बांधल्यासारखं दिसतं ते याचमुळे.

म्हणूनच ३८चं घड्याळ कधीकधी ४०च्या घड्याळापेक्षा मोठं वाटतं. पहिल्याचे लग लांब आणि सरळ असतात, दुसऱ्याचे आखूड आणि खाली वळलेले. काही घड्याळांत धातूची चेन केसमधूनच निघाल्यासारखी जोडलेली असते. तिची पहिली कडी लगेच खाली झुकत नसेल तर तीही लांबीत धरावी लागते, आणि कागदावरचं लग टू लग तिथे फसवतं. टिसोच्या पीआरएक्ससारख्या घड्याळाची ४०च्या जोडीने ३५ मिलिमीटरची आवृत्ती येते, ती बारीक मनगटवाल्यांना त्यामुळेच सोयीची पडते.

जाडीकडेही लक्ष द्या. बारीक मनगटावर १३ मिलिमीटर जाडीचं घड्याळ डबीसारखं उभं राहतं, शर्टाच्या बाहीत अडकतं. ९-१०च्या आत असेल तर बरं. आपल्याच टायटनने २००२ साली 'एज' आणलं तेव्हा अख्ख्या घड्याळाची जाडी अवघी ३.५ मिलिमीटर होती आणि आतलं मशीन १.१५ मिलिमीटरचं.

नजरेचा खेळही असतो. पांढरी तबकडी काळ्यापेक्षा मोठी दिसते. बाजूला रुंद कडं असेल तर तबकडी लहान होते आणि घड्याळही लहान भासतं. चौकोनी घड्याळ गोल घड्याळापेक्षा जास्त जागा व्यापतं, त्यामुळे गोलात ३६ शोभत असेल तर चौकोनात तीसच्या आसपास बघा.

"हे तर लेडीज दिसतंय"

बारीक मनगटाच्या मुलांना सगळ्यात जास्त नडतं ते हे वाक्य. मित्रांनी एकदा असं म्हटलं की मुलगा ४५ मिलिमीटरचं घड्याळ घेतो आणि ते दिवसभर हातावर सरकवत बसतो. पण मोठं घड्याळ म्हणजे पुरुषी घड्याळ, हे समीकरण फार जुनं नाही.

एकोणिसाव्या शतकात तर मनगटी घड्याळ हाच बायकांचा दागिना मानला जायचा. पुरुष साखळीचं घड्याळ खिशात ठेवायचे. १९०४ साली कार्टियेने विमानवीर सांतोस-ड्युमॉंसाठी मनगटी घड्याळ बनवलं. पहिल्या महायुद्धात खंदकातल्या सैनिकांना खिशात हात घालून वेळ बघणं परवडेना आणि घड्याळ पुरुषांच्या मनगटावर पक्कं झालं. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सैन्यासाठी बनवलेली घड्याळंही ३५ ते ३८ मिलिमीटरच्या घरातलीच होती. रणांगणावर चाललेलं माप कॉलेजच्या कट्ट्यावर कमी पडतं, असं मानायला मला तरी काही कारण दिसत नाही. ताटाएवढ्या घड्याळांची लाट आली ती १९९०च्या दशकानंतर.

आपल्या घरातलाच पुरावा बघायचा तर आजोबांचं एचएमटी काढा. एचएमटीने जपानच्या सिटिझन कंपनीच्या साथीने १९६१ साली बंगळूरमध्ये घड्याळांचा कारखाना सुरू केला. त्यांचं चावीचं 'जनता' सुमारे ३५ मिलिमीटरचं. गुरुजी, तलाठी, कंडक्टर, गिरणी कामगार अशा सगळ्यांनी या मापाची घड्याळं वापरली आणि त्याला कोणी लेडीज म्हटलं नाही.

जुनं एचएमटी ऑनलाइन घेताय? थांबा

बारीक मनगटवाल्यांना हा सल्ला हमखास मिळतो की जुनं एचएमटी किंवा फाव्र-लुबा घे, माप अगदी बरोबर बसेल. सल्ला चांगलाच आहे. एचएमटी वॉचेस बंद करण्याचा निर्णय केंद्र सरकारने २०१६ मध्ये घेतला, त्यानंतर जुन्या एचएमटीची मागणी आणखी वाढली. पण इथे एक सापळा आहे, आणि त्याचं नाव आपल्याच राजधानीवरून पडलंय. जगभरचे घड्याळशौकीन 'मुंबई स्पेशल' म्हणतात तो हा प्रकार. जुन्या घड्याळातलं मशीन काढायचं, तबकडी नव्याने रंगवायची, काटे दुसऱ्याच कुठल्यातरी घड्याळाचे लावायचे, केस घासून चकचकीत करायची आणि 'व्हिंटेज' म्हणून इंटरनेटवर विकायचं. एचएमटी, सायको फाइव्ह, फाव्र-लुबा सगळ्यांच्या बाबतीत हे चालतं.

ओळखायचं कसं? पन्नास वर्षं जुन्या घड्याळाची तबकडी कोऱ्या रंगात झगमगत असेल तर शंका घ्या. अक्षरं जाड, वाकडी किंवा पसरलेली असतील, मिनिटांच्या रेषा काट्याच्या टोकाशी जुळत नसतील, कंपनीने कधी न वापरलेले भडक रंग असतील, तर काम घरगुती आहे. लगच्या कडा साबणाच्या वडीसारख्या गुळगुळीत झाल्या असतील तर केस बरीच घासलेली आहे. असं घड्याळ चालत नाही असं नाही, पण त्याला अस्सलची किंमत मोजू नका. मशीनचा फोटो मागा, आणि मागचं झाकण उघडून फोटो द्यायला विक्रेता कां-कू करत असेल तर पुढे सरका.

नव्यातच घ्यायचं असेल तर कॅसिओचं एफ-९१डब्ल्यू डोळे झाकून चालतं. १९८९पासून मिळतंय, ३८.२ बाय ३५.२ मिलिमीटर, जाडी ८.५, वजन फक्त २१ ग्रॅम. उलट जी-शॉकमधलं चौकोनी ५६०० लहान म्हणून ओळखलं जातं, तरी त्याची लांबी ४८.९ आणि जाडी १३.४ आहे. लांबीत त्याचा रबरी सांगाडाही येतो, म्हणून ते कागदावर वाटतं त्यापेक्षा बरं बसतं. पण मनगट १५च्या आत असेल तर आधी घालूनच बघा.

पट्टा आणि सोलापूरचा उन्हाळा

उन्हाळ्यात सोलापूर जिल्ह्यात पारा चाळिशी ओलांडतो. उष्णतेने मनगट किंचित फुगतं, त्यामुळे सकाळी नेमका बसलेला पट्टा दुपारी काचतो. म्हणून माप दुपारी किंवा संध्याकाळी घ्यावं. पट्ट्याखालून करंगळी जेमतेम सरकली की समजा ठीक आहे.

चामड्याचा पट्टा घामाने खराब होतो आणि त्याला वास येतो, तेव्हा उन्हाळ्यात सिलिकॉन किंवा कापडी नायलॉन बरा. पण केसच्या खालून जाणारा नायलॉनचा पट्टा घड्याळ आणखी उंच करतो हे ध्यानात असू द्या. तयार चामडी पट्टे साधारण मनगटासाठी कापलेले असतात. बारीक मनगटावर शेवटच्या भोकात लावूनही शेपूट अर्ध्या हाताला वळसा घालतं. नवं भोक पाडण्याआधी त्याच रुंदीचा आखूड पट्टा मिळतो का ते विचारा. नुसतं भोक पाडलं की बक्कल मनगटाच्या मधोमध न येता बाजूला सरकतं.

चेन असेल तर दुरुस्तीवाला कड्या काढून देतो, पाच-दहा मिनिटांचं काम. दोन्ही बाजूंनी सारख्या काढायला सांगा. विषम संख्या असेल तर जादाची कडी सहाच्या बाजूची काढावी. काढलेल्या कड्या मागून घ्या, त्या पुढे लागतात. चेनचं लॉक फार लांब असेल तर बारीक मनगटाच्या खालच्या गोलाईवर ते बसतच नाही, दोन्ही टोकं रुततात. हे मात्र दुरुस्तीवाल्याच्याही हातात नसतं.

स्मार्टवॉच घेत असाल तर

१.८३ इंच किंवा १.९६ इंच हे स्क्रीनच्या कर्णाचं माप आहे, घड्याळाचं नव्हे. खाली बारीक अक्षरांत केसची लांबी-रुंदी दिलेली असते ती बघा. इथे प्रश्न फक्त दिसण्याचा नाही. हृदयाचे ठोके मोजणारा हिरवा प्रकाश कातडीला चिकटून हवा. मोठी सपाट पाठ गोल मनगटावर उचलली जाते, फटीतून बाहेरचा उजेड शिरतो आणि आकडे काहीही येऊ लागतात. एकाच मॉडेलमध्ये दोन मापं असतील, जशी ॲपल वॉच एसईमध्ये ४० आणि ४४, तर लहान घ्या.

दुसऱ्याला द्यायचं असेल तर

न विचारता माप मिळवायची सोपी सोय म्हणजे त्या माणसाचा जुना पट्टा. रोजच्या भोकापाशी वळ पडलेला असतो. त्या भोकात बक्कल लावून आतून दोरा फिरवला की घेर मिळाला. लग्नातल्या जोडी घड्याळांत नवऱ्याचं मोठं आणि नवरीचं इवलंसं असं ठरूनच आलेलं असतं. दोघांची मनगटं तशी नसतील तर जोडीचा हट्ट सोडून दोन वेगवेगळी घेतलेली बरी.

ऑनलाइन मागवलेलं घड्याळ आलं की आधी वरचा प्लास्टिकचा कागद आणि स्टिकर तसेच ठेवून घालून बघा. फोटो काढायचा तर फोन मनगटाजवळ आणू नका. जवळून घेतलेल्या फोटोत घड्याळ असतं त्यापेक्षा बरंच मोठं दिसतं. आरशासमोर हात खाली सोडून उभं राहा आणि आरशातला फोटो घ्या, म्हणजे लोकांना ते जसं दिसणार तसं दिसेल. माप पटल्याशिवाय चेनच्या कड्या काढू नका, कारण कड्या काढलेलं घड्याळ बहुतेक विक्रेते परत घेत नाहीत.