एव्हरेस्टच्या इतिहासातील पाण्याचा प्रश्न

१९५३ च्या एव्हरेस्ट-विजयाची मीमांसा करताना प्राणवायूची साधने आणि जॉन हंट यांची शिस्तबद्ध योजना या दोन कारणांचा निर्देश बहुधा केला जातो. तो यथार्थच आहे. परंतु तिसरे एक कारण, मोहीमवृत्तान्ताच्या परिशिष्टात गेल्यामुळे असेल, काहीसे उपेक्षित राहिले. ते कारण म्हणजे पिण्याचे पाणी.

बर्फाच्या राशीत तृषेचा प्रश्न उद्भवावा, हे सकृद्दर्शनी विपरीत वाटते. परंतु अत्युच्च प्रदेशातील हवा शीत व कोरडी असते. ती विरळ असल्याने श्वसन जलद होते, आणि प्रत्येक उच्छ्वासाबरोबर शरीरातील ओलावा बाहेर पडतो. घाम न दिसताही जलक्षय चालूच राहतो. तहान मात्र त्या मानाने लागत नाही. शिवाय बर्फ म्हणजे पाणी नव्हे. एक ग्रॅम बर्फ नुसते वितळविण्यास सुमारे ८० कॅलरी उष्णता खर्ची पडते. तेवढ्या उष्णतेत तितकेच पाणी शून्यापासून ८० अंशांपर्यंत तापेल. तेव्हा गिर्यारोहकाचा पाण्याचा हिशेब हा वस्तुतः इंधनाचा हिशेब होय.

२७ मे १९५२ ची रात्र स्विस मोहिमेतील लांबेर व तेनसिंग यांनी सुमारे ८,४०० मीटर उंचीवर काढली. जवळ स्टोव्ह नव्हता, शयनपिशव्याही नव्हत्या. मेणबत्तीच्या ज्योतीवर बर्फ वितळवून जे घोट मिळाले, त्यांवरच भागवावे लागले. दुसऱ्या दिवशी सुमारे ८,६०० मीटरांवरून ते परतले. त्यांची प्राणवायूची उपकरणे चढताना नीट काम देत नव्हती. म्हणून अपयशाचे सारे खापर तृषेवर फोडणे इतिहासास धरून होणार नाही. पण तिचा वाटा नाकारताही येत नाही.

त्याच वर्षी शरीरक्रियाशास्त्रज्ञ ग्रिफिथ प्यू हे शिप्टन यांच्या चो ओयू मोहिमेबरोबर गेले होते. तेथील निरीक्षणांवरून, उंचावर प्रत्येकाने दररोज सुमारे तीन लिटर द्रव घेतले पाहिजे, असा आग्रह त्यांनी धरला. स्टोव्ह व इंधन यांची १९५३ ची तरतूद या आग्रहास अनुसरूनच झाली.

२८ मे १९५३ च्या रात्री सुमारे ८,५०० मीटरांवरील तंबूत हिलरी व तेनसिंग यांनी लिंबाचे गोड, गरम पेय भरपूर घेतले. पहाटे त्याच स्टोव्हवर हिलरींचे गोठलेले बूटही मऊ करावे लागले; इंधन मोजकेच असते, तर बूट की पाणी, असा पेच पडला असता. निघण्यापूर्वी पुन्हा पेय घेऊन दोघे बाहेर पडले. या दोन्ही रात्रींचा अनुभव घेतलेला मनुष्य एकच, आणि तो तेनसिंग.