नेटवर्क मॅनेजर

लिनक्स लॅपटॉपवरील वाय-फाय, केबल, मोबाइल डेटा आणि व्हीपीएन या जोडण्या सांभाळणारी पार्श्वसेवा. रेड हॅट कंपनीने ती २००४ मध्ये आणली. त्याआधी नेटवर्कचा तपशील एका साध्या फाइलमध्ये लिहून ठेवत आणि संगणक सुरू होताना तो वाचला जाई. एका जागी बसलेल्या सर्व्हरचे त्यावर भागे. घर, कचेरी, स्टेशन असा हिंडणाऱ्या लॅपटॉपचे भागत नसे.

या सेवेत उपकरण आणि जोडणी वेगळी मानतात. वाय-फाय कार्ड हे उपकरण. नेटवर्कचे नाव, पासवर्ड, आयपी पत्ता कसा घ्यायचा हे सारे मिळून जोडणी. एका कार्डासाठी कितीही जोडण्या साठवता येतात, चालू मात्र एका वेळी एकच असते. कचेरीत ठरावीक पत्ता आणि घरी राउटरने दिलेला पत्ता, हे म्हणूनच विनासायास जमते. जोडण्यांच्या फाइली फक्त रूट वापरकर्त्याला वाचता येतात. सर्व वापरकर्त्यांसाठी साठवलेला पासवर्ड मात्र त्यांत उघड्या अक्षरांत असतो, त्यामुळे डिस्क एन्क्रिप्ट नसलेला लॅपटॉप चोरीला गेला की पासवर्डही गेलाच.

केबल आणि वाय-फाय दोन्ही चालू असतील तर मार्ग ‘मेट्रिक’वरून ठरतो. केबलला सहसा १००, वाय-फायला ६०० असा आकडा मिळतो आणि लहान आकडा जिंकतो. केबल काढताच वाहतूक वाय-फायवर येते, पण जुन्या पत्त्यावर चाललेले डाउनलोड तुटू शकते.

वाय-फायची पासवर्ड-पडताळणी ही सेवा स्वतः करत नाही. ते काम डब्ल्यूपीए सप्लिकंट किंवा आयडब्ल्यूडी हा वेगळा प्रोग्रॅम करतो. त्यामुळे नेट बंद पडले की दोष नेमका कुठे आहे ते पायरीपायरीने पाहावे लागते. कार्डाचा रेडिओ बंद आहे का, हे ‘आरएफकिल’ आज्ञा सांगते. कार्डच दिसत नसेल तर बहुधा फर्मवेअर नसते. पत्ता मिळाला, ८.८.८.८ या बाहेरच्या पत्त्यावर पिंग जाते, तरी संकेतस्थळ उघडत नाही, तेव्हा संशय डीएनएसवर, म्हणजे नावावरून पत्ता शोधणाऱ्या सेवेवर, घ्यावा.

डेबियनमध्ये आणखी एक गोम आहे. इन्स्टॉल करताना कार्डाचे नाव जुन्या ‘इंटरफेसेस’ फाइलमध्ये नोंदले गेले असेल, तर नेटवर्क मॅनेजर त्या कार्डाला हात लावत नाही आणि ‘एनएमसीएलआय’ या तिच्या आज्ञेच्या यादीत ते ‘अनमॅनेज्ड’ दिसते. त्या ओळी काढून सेवा पुन्हा सुरू केली की कार्ड तिच्या ताब्यात येते.