आधी चिकटपणा मोडा

डिजिटल पीसीआरचं यंत्र डीएनएचे रेणू जणू एकेक करून मोजतं, म्हणून त्याचं कौतुक फार होतं. पण त्याची कुळी शोधायला निघालं की यंत्र फार उशिरा भेटतं. आधी भेटतात काचनळ्या.

१९१५ साली मॅकक्रेडी यांनी जंतू प्रत्यक्ष न पाहता मोजायचं गणित मांडलं. नमुना पातळ करत न्यायचा, अनेक नळ्यांत थोडा थोडा घालायचा आणि किती नळ्यांत वायू तयार झाला एवढंच बघायचं. नळीत जंतू एक होता की चार, ते कळत नाही. पण किती नळ्या कोऱ्या राहिल्या यावरून एकूण संख्येचा अंदाज बांधता येतो. पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळांत ही रीत अजून चालते.

ॲडलेडच्या पामेला साइक्स, अलेक मॉर्ली आणि सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये पीसीआरला, म्हणजे डीएनएच्या प्रती वाढवायच्या प्रक्रियेला, हीच युक्ती लावली. त्यांचा डोळा ल्युकेमियाच्या उरल्यासुरल्या पेशींवर होता. बॉल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये बर्ट फोगेलस्टाइन आणि केनेथ किंझ्लर यांनी १९९९ मध्ये ३८४ खळग्यांच्या प्लेटवर काम करून ‘डिजिटल पीसीआर’ हे नाव रूढ केलं. नावाचं श्रेय त्यांचं. रीतीचं त्यांना एकट्यांना देणं मला पटत नाही. पुढे २०११ च्या सुमारास २० मायक्रोलिटर मिश्रणाचे तेलात सुमारे २०,००० थेंब पाडणारी यंत्रं आली; प्रत्येक थेंब म्हणजे एक नळीच.

इथे मात्र डीएनए आडवा आला. लांबलचक, न कापलेल्या डीएनएचं द्रावण चिकट असतं. थेंब एकसारखे पडत नाहीत. शिवाय एकाच जनुकाच्या प्रती कधी कधी लागोपाठ एकाच धाग्यावर असतात. एका तिकिटावर अख्खं कुटुंब बसावं तशा त्या एकाच थेंबात शिरतात आणि मोजणीत एकच धरल्या जातात. नेहमीचा उपाय असा: नमुना आधी रिस्ट्रिक्शन एन्झाइमने कापून घ्यायचा.

या कात्रीचा शोधही जॉन्स हॉपकिन्समधलाच, आणि तोही चिकटपणातूनच लागला. हॅमिल्टन स्मिथ आणि केंट विलकॉक्स यांनी हिमोफिलस इन्फ्लुएंझा या जंतूच्या अर्कात परक्या विषाणूचा डीएनए घातला, तर द्रावणाचा दाटपणा उतरत गेला. जंतूचा स्वतःचा डीएनए घातला तेव्हा तो जसाच्या तसा राहिला. म्हणजे अर्कातलं काहीतरी फक्त परक्यालाच कापत होतं. निष्कर्ष १९७० मध्ये छापून आले, आणि १९७८ च्या नोबेलमध्ये स्मिथ वाटेकरी झाले. दाटपणाची जी उतरण त्यांना खूण म्हणून दिसली, तीच आता थेंबवाल्यांची गरज झाली आहे.

कात्री निवडताना एवढंच पाहायचं, की मोजायच्या तुकड्याच्या मधोमध ती चालू नये. नमुना फार तापवला तर दोन धागे सुटून वेगवेगळ्या थेंबांत जातात आणि आकडा जवळपास दुप्पट दिसतो. माणसाच्या जनुकसंचाची एक प्रत सुमारे ३.३ पिकोग्रॅमची, त्या हिशेबाने ६६ नॅनोग्रॅममध्ये २०,००० प्रती, म्हणजे थेंबामागे सरासरी एक. तरीही सुमारे ७,४०० थेंब रिकामे राहतात, आणि ते राहायलाच हवेत. सगळे भरले तर गणिताला धरायला काही उरत नाही. रक्तद्रवात मोकळा फिरणारा डीएनए असेल, तर कात्री बाजूला ठेवायची; त्याचे बहुतेक तुकडे मुळातच १६६ बेस जोड्यांच्या आसपास असतात.