ए, अरे आणि अहो

आमच्या माण तालुक्यात बाहेर निघालेल्या माणसाला ‘कुठं निघालास?’ असं विचारत नाहीत. विचारलं की काम होत नाही म्हणतात. ‘लांब का?’ म्हणायचं. निघताना ‘जातो’ म्हणायचं नाही, ‘येतो’ म्हणायचं. दिवा विझवायचा नाही, शांत करायचा. इतकी जपून बोलणारी आमची माणसं. आणि त्याच गावात पासष्टीच्या म्हाताऱ्याला दहा वर्षांचं पोरगं ‘ए’ म्हणून हाक मारायचं आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. ते पोरगं मी.

आमचं घर पाटलाचं. तो म्हातारा महारवाड्यातला. तेव्हा तसंच म्हणत, आता त्या वस्तीचं नाव वेगळं आहे. गावकीची कामं त्याच्या घराण्याकडं होती. सांगावा पोचवायचा, चावडीवर हजर राहायचं, सरकारी माणसापुढं चालायचं. १९५८ च्या कायद्यानं ती खालची वतनं गेली. पाठोपाठ १९६२ च्या कायद्यानं मुलकी पाटलाचं वंशपरंपरेचं पदही गेलं. म्हणजे मला कळायला लागलं तोवर तो गावकामगार नव्हता आणि माझा आज्जा पाटील नव्हता. पण कायदा कागदावर बदलतो, जीभ बदलायला वेळ लागतो. आज्ज्याला सगळे ‘पाटील’ नाहीतर ‘तात्या’ म्हणायचे आणि त्याला ‘ए अमक्या’.

या ‘या’ची गंमत सांगतो. जुन्या कागदांत ब्राह्मणाच्या नावापुढं पंत असतो, मानाच्या मराठ्याच्या नावापुढं राव किंवा जी, आणि महाराच्या नावापुढं नाक. कोरेगाव भीमाच्या स्तंभावर नाकानं संपणारी नावं आजही वाचता येतात. हा नाक ‘नायक’वरून आला असंही सांगतात. आमच्या काळापर्यंत तो निघून गेला आणि त्या जागी ‘या’ चिकटला. गणपाचा गणप्या, धोंडीचा धोंड्या. आता कुणी म्हणेल, ‘या’ तर लाडानंही लावतात. खरं आहे. आजी मलाही ‘या’ लावूनच हाक मारायची, वर ‘मुडद्या’ म्हणायची, आणि त्यात साय होती. पण मी तिला उलटून ‘काय गं म्हातारे’ म्हणू शकत होतो. त्या म्हाताऱ्याला तशी सोय नव्हती.

त्यांचा जुना नमस्कार ‘जोहार’. चोखोबांच्या अभंगांत तो आहे, एकनाथ महाराजांच्या भारुडांत आहे. १९५६ च्या ऑक्टोबरात नागपूरला बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली आणि पुढच्या साली जत्रेला म्हाताऱ्याचा थोरला मुलगा मुंबईहून आला. गिरणीत होता. चावडीपुढं आज्जा बसलेला. पोरानं ताठ उभं राहून ‘जय भीम’ घातला. आज्ज्यानं तोंड फिरवलं. त्या सुगीत आमच्या खळ्यावरून त्यांच्या घराला बलुतं गेलं नाही, नि पुढच्याही सुगीत गेलं नाही. मी तेव्हा जन्मलो नव्हतो, हे आजीनं सांगितलं. सांगताना ती म्हणायची, “त्यानं काय शिवी दिली हुती? पर तुझ्या आज्ज्याला शिवीपरास जास्त लागलं.”

म्हातारा मधल्यामधी सापडला. जोहार घातला तर पोरगा चिडणार, जय भीम म्हटलं तर पाटील. त्यानं दोन्ही सोडलं. आमच्या दारात आला की नुसता खाकरायचा. मला वाटायचं, याला खोकला आहे.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. विहिरी आटल्या, जनावरं मिळेल त्या भावाला गेली, माणसं लाल मिलोच्या भाकरीवर आली. गावाबाहेर रस्त्याचं काम निघालं आणि पाटील काय नि महार काय, सगळे एका रांगेत खडी फोडायला बसले. मी दुपारी आज्ज्याची भाकरी घेऊन जायचो, आणि सुकडी मिळायची तिच्या आशेनंही जायचो.

हजेरी घेणारा कारकून परमुलखातला, विशीतला पोरगा. मस्टरावर नाव पुरं लिहिलेलं असतं. स्वतःचं, बापाचं, आडनाव. त्यानं एक नाव वाचलं आणि सगळे इकडंतिकडं बघायला लागले, हा कोण? तेव्हा म्हातारा उठला, “हजर” म्हणाला. त्याला एवढं लांब नाव आहे हे गावाला त्या दिवशी कळलं.

आज्जा उन्हानं जरा टेकला होता. कारकून म्हणाला, “ए म्हाताऱ्या, बसायला आलास का?”

आज्जा उठून उभा राहिला. हातोडा हातात. मला वाटलं, आता हा घालतो डोक्यात. पण घरात नऊ तोंडं होती. तो परत खाली बसला. हात थरथरत होता, दगडावर घाव बसेना. शेजारच्या ढिगावर तो म्हातारा होता. खडी फोडता फोडता, मान वर न करता म्हणाला,

“तात्या, मनाला लावून घिऊ नगा. पयल्या दिशी लई लागतं.”

आज्ज्यानं उत्तर दिलं नाही. घरी आल्यावरही त्यावर बोलला नाही. माफी वगैरे तर आमच्या घराण्यात कुणी मागितलेली मला माहीत नाही. पण पुढं तो म्हाताऱ्याला हाक मारायचा त्यातला ‘या’ गेला. नीट नावानं हाक मारायचा. ‘अरे’ मात्र शेवटपर्यंत राहिला.

मीही ‘ए’ सोडलं. पण त्याच्या जागी काय म्हणायचं ते ठरेना. ‘आजोबा’ म्हणायची जीभ होईना, ‘अहो’ म्हटलं तर पोरं हसतील. म्हणून मी काहीच म्हणायचो नाही. समोर आला की खाकरायचो. १९७९ साली तो गेला तोवर आमचं हे असंच चाललं.

त्याचा नातू शिक्षक होता, माझ्याच वयाचा, आता निवृत्त झालाय. आम्ही दोघं एकमेकांना ‘अहो’ म्हणतो, जरा जास्तच. हे लिहायला घेतलं तेव्हा त्याला विचारायला गेलो. तो म्हणाला, “नाव लिहिणार असाल तर मस्टरावर होतं तसं पुरं लिहा. नाहीतर लिहू नका.” आतून त्याची आई म्हणाली, “नगंच लिहू.” म्हणून इथं नाव नाही.

दारापर्यंत सोडायला आला तेव्हा त्यानं विचारलं, “तुम्ही त्यांना कधी ‘अहो’ म्हणाला होता का हो?”

“नाही,” म्हणालो. मग ‘येतो’ म्हणून निघालो.