जालना-दर्शन

शहर पाहण्याच्या तऱ्हा काळाप्रमाणें बदलत आल्या आहेत. पूर्वींचा वाटसरू गांवांत शिरला म्हणजे वेशीवरच्या मारुतीस नमस्कार करी, नदीवर स्नान करी आणि धर्मशाळेंत पथारी टाकून चार दिवस राही. गांव त्याला पायांनीं कळत असे. आजचा प्रवासी सकाळीं मोटारींत बसतो, ध्वनिक्षेपकांतून येणारा एक पाठ केलेला आवाज ऐकतो आणि दिवेलागणीस ‘शहर पाहिलें’ असें म्हणत खालीं उतरतो. पुण्याची ‘पुणे दर्शन’ आणि मुंबईच्या किल्ल्यांतून २०२३ पर्यंत फिरत असलेली उघड्या माडीची ‘नीलांबरी’ ह्या गाड्या आमच्या बहुतेक वाचकांच्या परिचयाच्या असतील. त्यांची थट्टा करण्याचा आमचा हेतु नाहीं. परगांवच्या माणसास थोड्या पैशांत व एका दिवसांत इतकें दाखविणारें दुसरें साधन आम्हांस ठाऊक नाहीं. मात्र ‘दर्शन’ हा शब्द आपण देवळांतून उचलला आहे, हें विसरूं नये. दर्शनाला मूर्ति लागते. ती जागेवर उभी असावी लागते, आणि आपण ठरलेल्या बाजूनें क्षणभर पाहून पुढें सरकावें लागतें. ज्या शहरांत मूर्ति नाहीं, किंवा होती ती मोडली, त्याचें दर्शन कसें घ्यावें?

मराठवाड्यापुरता हा प्रश्न फार पूर्वींच निकालांत निघाला आहे. निजामाच्या संस्थानांत १९१४ सालीं पुराणवस्तु-संशोधनाचें खातें स्थापन झालें. त्याचे प्रमुख गुलाम यझदानी यांनीं अजिंठा-वेरूळच्या लेण्यांना वाहून घेतलें. अजिंठ्याचीं चित्रें सांवरण्यासाठीं इटलीहून तज्ज्ञ आणविले गेले. १९३२ सालीं संस्थानच्या रेल्वेनें २७ मोटारी व १६६ नोकर घेऊन रस्त्यावरची वाहतूकहि आपल्या हातीं घेतली. लेणीं सजलीं, रस्ते झाले, मोटारी आल्या. आणि औरंगाबादेहून (आजच्या छत्रपति संभाजीनगराहून) वेरूळ, दौलताबाद, बिबीचा मकबरा, पाणचक्की व दुसऱ्या दिवशीं अजिंठा असा जो क्रम हळूहळू बसला, तो आजहि हालत नाहीं. तेथून पूर्वेस अवघ्या ६० किलोमीटरांवर असलेला जालना त्या क्रमांत येत नाहीं.

गेल्या हिवाळ्यांत आमच्या इतिहासाच्या विद्यार्थ्यांनीं हट्ट धरल्यावरून आम्हीं एक मोटारबस भाड्यानें ठरविली आणि एका दिवसाचें ‘जालना-दर्शन’ आमचें आम्हींच आंखलें. गाडीच्या चालकानें प्रथमच विचारलें, “सर, जालन्यांत बघायचं काय? स्टील, बियाणं आणि मोसंबी!” मुलें हंसलीं, परंतु ह्या गृहस्थाचें वाक्य त्याला वाटलें त्याहून अधिक ऐतिहासिक होतें. जालना हें मुळांत बाजाराचें गांव आहे. नांवाची व्युत्पत्ति कोणी ‘जुलाहा’ म्हणजे विणकर ह्या शब्दाशीं लावतात; ती खरी असो वा नसो, ‘जालना, सोने का पालना’ ही म्हण मात्र जुनी आहे व ती व्यापाऱ्यांनीं केलेली आहे ह्यांत संशय नाहीं. १९६४ सालीं बद्रीनारायण बारवाले यांनीं येथें बियाण्यांची कंपनी काढली व १९९८ सालीं त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला, हें त्याच परंपरेला धरून झालें. पण बियाण्याच्या कोठाराकडे बोट दाखवून ध्वनिक्षेपकांतून काय सांगणार?

कुंडलिका नदीच्या एका अंगास जुना जालना व दुसऱ्या अंगास कादराबाद. प्रथम मस्तगड पाहिला. पहिल्या आसफजाहाच्या हुकुमानें काबिलखानानें १७२५ सालीं बांधलेली ही गढी; तींत पुढें अनेक वर्षें नगरपालिकेचें कार्यालय होतें, तेव्हां जालनेकरांच्या लेखीं ती इतिहासाची वास्तु असण्यापेक्षां कर भरण्याची जागाच अधिक असावी. मोती तलावापाशीं मात्र आम्ही मुद्दाम थांबलों. मलिक अंबराच्या काळचा येथील अंमलदार जमशेदखान यानें हा तलाव बांधला आणि जमिनीखालून नळ घालून त्याचें पाणी शहरांतल्या हौदांत नेलें. पाणचक्कीपाशीं प्रवाशांच्या झुंडी खापरी नळांचें कौतुक करीत उभ्या असतात. तीच विद्या येथें एक सबंध गांव पाजीत होती. भेद इतकाच, कीं तेथें पाणी उंचावरून पडतांना दिसतें व येथें तें जमिनीखालून निमूटपणें गेलें.

सोन्याचा पाळणा म्हटला म्हणजे त्यावर डोळा ठेवणारेहि आलेच. १६७९ च्या नोव्हेंबरांत शिवाजीमहाराजांनीं मोगली मुलखावर स्वारी केली तेव्हां त्यांनीं चार दिवस जालना लुटला. येथील धनिकांनीं आपली चीजवस्त जान महंमद नांवाच्या अवलियाच्या मठांत नेऊन ठेवली होती. मराठे तेथेंहि शिरले. परततांना संगमनेराच्या वाटेवर रणमस्तखानानें त्यांस गांठलें, शिधोजी निंबाळकर पडले, आणि बहिर्जी नाईकांनीं आडवाटांनीं महाराजांस पट्टा किल्ल्यावर सुखरूप नेलें. त्या किल्ल्याचें नांव पुढें विश्रामगड पडलें. पांच महिन्यांच्या आंत, ३ एप्रिल १६८० रोजीं, महाराजांचें देहावसान झालें. मोगलांकडील लेखकांनीं ह्या दोन गोष्टी जोडून अवलियाचा शाप बाधला असें लिहिलें. शापाचा जमाखर्च इतिहासाला मांडतां येत नाहीं, म्हणून तो आम्ही सोडून देतों. आमच्या दृष्टीनें महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. मोठी लढाई झालेल्या ठिकाणीं बुरूज उरतो. लुटलेल्या पेठेंत कांहींच उरत नाहीं, कारण पेठ आठ-पंधरा दिवसांत पुन्हां उघडते आणि खुणा ती स्वतःच पुसून टाकते. जालन्याच्या बाजारांत गाडी अर्धा तास अडकली होती. तेवढ्या वेळांत खिडकींतून जें दिसलें, तोच १६७९ चा अवशेष म्हणावयाचा.

दुपारीं उत्तरेस वळलों. भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. भारहूत व सांची येथील स्तूपांच्या दानलेखांत येथल्या दात्यांचीं नांवें आहेत. १९७३ सालीं नागपूर व मराठवाडा विद्यापीठांनीं येथें उत्खनन केलें तेव्हां हस्तिदंती स्त्रीमूर्तीचा एक खंडित भाग मिळाला. इ. स. ७९ मध्यें ज्वालामुखीच्या राखेखालीं गडप झालेल्या इटलींतील पाँपेई नगरांत १९३८ सालीं जी भारतीय हस्तिदंती मूर्ति सांपडली, तिच्याशीं ह्या तुकड्याचें विलक्षण साम्य आहे. पाँपेईस जाणारे प्रवासी मोटारींतून थव्यांनीं उतरतात. भोकरदनास आम्ही उतरलों तेव्हां मुलांनीं प्रथम चहाचें दुकान शोधलें, व त्यांना दोष देण्यासारखें त्यांत कांहीं नव्हतें.

तेथून असई. २३ सप्टेंबर १८०३ रोजीं येथें शिंदे-भोसल्यांच्या फौजेचा आर्थर वेल्स्लीनें पराभव केला. जालन्याचा किल्ला त्याच महिन्याच्या आरंभीं कर्नल स्टीव्हन्सननें घेतला होता. दोघांनीं मिळून २४ तारखेस चाल करून जावयाचें ठरलें होतें. परंतु मराठ्यांची छावणी अपेक्षेपेक्षां जवळ असल्याचें कळतांच वेल्स्लीनें एकट्यानेंच त्या दिवशीं लढण्याचें ठरविलें. मधें केळणा नदी. वाटाड्यांनीं सांगितलें, खालीं उतार नाहीं. त्यानें दुर्बिणींतून पाहिलें तों नदीच्या दोन्ही कांठांवर समोरासमोर दोन गांवें दिसलीं. इंग्रजी वृत्तांतांत त्यांचीं नांवें पिंपळगांव व वारूर अशीं आहेत. इतक्या जवळ वसलेलीं गांवें एकमेकांकडे गेल्यावांचून राहत नाहींत, तेव्हां उतार असलाच पाहिजे, असें त्यानें ताडलें. आणि उतार होता. शत्रूच्या विजयाचें कौतुक करणें आम्हांस जड जातें, पण गांव कसें पाहावें ह्याचा इतका चोख धडा आम्हांस दुसरीकडे वाचावयास मिळाला नाहीं. वाटाड्यांनीं नदी पाहिली होती. ह्यानें नदीवर राहणारीं माणसें पाहिलीं.

लढाई मात्र त्याला स्वस्त पडली नाहीं. शिंद्यांच्या तोफांनीं व पोलमनच्या हाताखालील कवायती पायदळानें इंग्रजांचे मेलेले, जखमी व हरवलेले मिळून सुमारें १,५८० लोक खर्ची पाडले. त्या दिवशीं वेल्स्लीजवळ मौंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन हा तेवीस वर्षांचा तरुण होता. त्याच्या नांवाच्या महाविद्यालयांत पुढें महाराष्ट्राच्या पिढ्या शिकल्या. वेल्स्ली ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला, वॉटर्लू जिंकला. तरी आपल्या लढायांतली उत्तम कोणती असें विचारतां त्यानें असईचेंच नांव घेतलें. लंडनची दर्शनगाडी हाइड पार्कच्या कोपऱ्यावरून जाते तेव्हां त्याचें निवासस्थान व त्याच्या नांवाची कमान प्रवाशांस दाखवितात. त्या कमानीची पायरी ह्या काळ्या रानांत आहे, हें तेथील प्रवाशांस सांगत असतील असें वाटत नाहीं. आणि येथें सांगावयास गाडीच नाहीं. ३० डिसेंबर १८०३ च्या सुर्जी-अंजनगांवच्या तहानें शिंद्यांनीं अजिंठ्याच्या डोंगराखालचा मुलूख सोडला, जालना पुढें निजामाकडे गेला, आणि १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत तेथेंच राहिला. त्या तहाचा परिणाम मराठवाड्यानें जवळजवळ दीड शतक भोगला. ‘असई’ म्हणजे काय, हें आमच्या अठरा विद्यार्थ्यांपैकीं दोघांनाच ठाऊक होतें. त्यांतला एक भोकरदनचा.

मोटार नदीपर्यंत जात नाहीं. शेतांच्या बांधांवरून चालावें लागतें, आणि काळी माती पावसाळ्यांत पायाला सोडीत नाहीं. म्हणून ज्यांना जावयाचें असेल त्यांनीं दिवाळीनंतर जावें, जालन्याहून सकाळीं लवकर निघावें, मोती तलाव आधीं उरकावा व गाडी राजूरवरून घालावी. म्हणजे वाटेंत राजूरच्या गणपतीचें दर्शनहि होतें, आणि घरच्या वडीलधाऱ्या मंडळींस बरोबर येण्यास निमित्त मिळतें.