माशाच्या पिशवीतलं पाणी

परवा पोरांच्या हट्टापायी दोन गोल्डफिश घरी आणले. दुकानदारानं पिशवीसोबत दोन कॅप्सूलही हातावर ठेवल्या. म्हणाला, "मासा सुस्त वाटला की एक फोडून पाण्यात टाका, साहेब." नाव वाचलं, टेट्रासायक्लिन. म्हणजे माणसांचंच औषध. ना चिठ्ठी, ना मात्रा. एकट्या त्याला काय बोलणार? ही सवय फार जुनी आहे.

पेनिसिलिन शोधणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ साली नोबेलच्या भाषणातच सावध केलं होतं. औषध अपुरं पडलं तर जंतू मरत नाहीत, उलट त्याला सरावतात. १९४८ मध्ये टेट्रासायक्लिनच्या घराण्यातलं पहिलं औषध आलं. दोनेक वर्षांत अमेरिकेत कळलं की ते खाद्यात मिसळलं की कोंबडीची पिल्लं झपाट्यानं वाढतात. झालं, औषधाचा खुराक झाला! १९५० च्या दशकाच्या अखेरीस जपानमध्ये हगवणीच्या जंतूंवर काम करताना आणखी एक गोष्ट उघड झाली. औषध पचवायची ताकद एक जंतू दुसऱ्या जातीच्या जंतूलाही देऊ शकतो. म्हणजे माशाचा जंतू वेगळा, आपला वेगळा, असं म्हणून सुटका नाही.

आता शोभेच्या माशांचा धंदा बघा. आग्नेय आशियातल्या तळ्यांत वाढवलेले मासे प्लास्टिकच्या पिशव्यांत भरून विमानानं जगभर जातात. दाटीवाटीत, प्रवासाच्या ताणात मरू नयेत म्हणून पाण्यातच अँटिबायोटिक टाकायची पद्धत पडली. १९७६ सालीच कॅनडातल्या संशोधकांनी अशा माशांच्या पाण्यात औषधांना दाद न देणारे जंतू असल्याचं छापलं होतं. कुणी फारसं मनावर घेतलं नाही. २००३-०४ मध्ये ऑस्ट्रेलियात साल्मोनेलाच्या एका प्रकारानं माणसं आजारी पडली, त्यात लहान मुलंही होती. हा जंतू एकाच वेळी अनेक औषधांना पुरून उरणारा. माग काढला तर तो घरातल्या माशांच्या टाकीपर्यंत पोचला. २००९ मध्ये ब्रिटनमधला अभ्यास आला. उष्ण प्रदेशातले शोभेचे मासे आणि त्यांच्या पिशवीतलं पाणी यांतून मिळालेल्या एरोमोनास जंतूच्या ९४ नमुन्यांपैकी ४७ नमुने १५ किंवा त्याहून जास्त अँटिबायोटिकना दाद देत नव्हते. निम्मे!

निर्यातीच्या कोळंबीत औषधाचा अंश सापडला तर माल परत येतो, म्हणून तिथं सगळे धास्तावलेले असतात. शोभेचा मासा ताटात येत नाही, म्हणून त्याची धास्ती नाही. पण त्याचं पाणी आपल्याच मोरीत ओततो, तिथून ते गटारात आणि पुढं नदीत. त्याच टाकीत पोरं हात घालतात आणि तसाच हात तोंडात.

मासे पाळू नका असं म्हणणं नाही. टाकीला हात लावला की साबणानं धुवा. टाकीचं पाणी स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये ओतू नका. मासा सुस्तावला तर आधी पाणी बदला, खाणं कमी करा. अंदाजानं कॅप्सूल फोडू नका.

त्या दोन कॅप्सूल अजून माझ्या टेबलावर आहेत. उद्या पोराला ताप आला तर डॉक्टरांच्या हातातलं औषध चालायला हवं ना?